वाचकांचे प्रश्न : फिलिपिन्सचा इतिहास कुठे पाहावा?

प्रश्न : मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा नोकरीनिमित्त मनिलात असतो, म्हणून येत्या जानेवारीत आम्ही पती-पत्नी तिकडे जाणार आहोत. सहल कंपनीच्या पत्रकात समुद्रकिनारे आणि चर्च यांपलीकडे काही दिसत नाही. त्या देशाचा इतिहास समजावा अशी कोणती ठिकाणे मनिलात आहेत आणि ती कोणत्या क्रमाने पाहावीत?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : पत्रकात चर्चचा भरणा असणे स्वाभाविक आहे. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे स्पेनची सत्ता होती आणि टिकाऊ दगडी बांधकामे मुख्यतः त्या सत्तेने व तिच्याबरोबर आलेल्या धर्मसंघांनी केली. त्यामुळे आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याचा असा समज होतो, की या देशाचा इतिहास स्पॅनिश जहाजांबरोबर सुरू झाला आणि त्यांच्याबरोबरच संपला. माझ्या मते अशा सहलींतून दोन कालखंड हटकून निसटतात : एक १५२१ मध्ये स्पेनच्या वतीने दर्यावर्दी मॅगेलन येण्याच्या आधीचा आणि दुसरा १८९९ नंतर अमेरिकेशी झालेल्या युद्धाचा. ठिकाणे निवडताना हे दोन्ही कालखंड नजरेसमोर ठेवावेत. मधली स्पॅनिश शतके पाहण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

म्हणून सुरुवात किल्ल्यापासून न करता लुनेता उद्यानालगतच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयापासून करा. तिथे प्रवेशशुल्क नाही. सोमवारी मात्र ते सहसा बंद असते. या संग्रहालयाच्या संग्रहात लागुना प्रांतात सापडलेला एक काळपट ताम्रपट आहे. आकाराने तो शाळेच्या वहीच्या पानाएवढा असेल. १९८९ मध्ये नदीतली वाळू उपसताना तो वर आला, पुढच्या वर्षी संग्रहालयाने तो घेतला आणि आंतून पोस्टमा या डच अभ्यासकाने त्याचे वाचन केले. लिपी कावी, म्हणजे जावा बेटावरची जुनी लिपी आहे आणि भाषा मुख्यतः जुनी मलय. पण आरंभीची ओळ वाचून दाखवली, तर ती समजायला मराठी माणसाला दुभाषा लागणार नाही. ‘स्वस्ति’ या शब्दानंतर शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्षातली चतुर्थी आणि सोमवार अशी मिती येते. इसवी सनाप्रमाणे ती ९०० सालच्या एप्रिलमध्ये पडते. आपल्या भिंतीवरच्या पंचांगात आजही जो शक छापला जातो, तोच हा शक. मजकूर कर्जफेडीचा आहे : नामवरान नावाच्या माणसाच्या नावावरचे एक काटी आणि आठ सुवर्ण (ही सोने तोलण्याची मापे) एवढे कर्ज फिटले असून त्याची मुलगी आणि आप्त यांच्यावर आता कोणताही बोजा उरलेला नाही, असे तुंडुनच्या सेनापतीने लिहून दिले आहे. अनेक अभ्यासक हे तुंडुन म्हणजे मनिलातला आजचा टोंडो भाग मानतात. फिलिपिन्समध्ये सापडलेला हा सर्वांत जुना मितीयुक्त लेख होय. मॅगेलनची जहाजे यायला सहाशेहून अधिक वर्षे अवकाश असताना तिथे सोन्यात हिशेब होत होते, कर्जमुक्तीचे दस्तऐवज लिहिले जात होते आणि अधिकाऱ्यांना सेनापती, नायक अशा पदव्या होत्या, हे एकदा डोळ्यांखालून गेले, की पुढची स्थळे पाहण्याची दृष्टी बदलते.

तिथून पुढे तटबंदीच्या आतले जुने मनिला, म्हणजे इन्त्रामुरोस. मिगेल लोपेस दे लेगास्पी याने १५७१ मध्ये ही स्पॅनिश राजधानी वसवली. पासिग नदीच्या मुखावर जिथे राजा सुलेमान याचा लाकडी कोट होता, तिथेच फोर्ट सांतियागो उभा राहिला. किल्ल्यात शिरताना दरवाजाच्या वर पाहायला विसरू नका. घोड्यावर बसलेला संत सांतियागो मुसलमान शत्रूंना तुडवतो आहे, असे शिल्प तिथे आहे. १९४५ मध्ये दरवाजा उद्ध्वस्त झाला होता आणि आजचे काम पुनर्बांधणीतले आहे. पण स्पेनमधल्या मुसलमानांविरुद्धच्या लढायांतून आलेली ही प्रतिमा एका मुसलमान राजाच्या कोटाच्या जागी बसवताना स्पॅनिशांच्या मनात काय असेल, हे ओळखण्यास वाटाड्याची गरज नाही.

याच किल्ल्यात होसे रिझाल यांनी अखेरचे सुमारे दोन महिने काढले. व्यवसायाने ते नेत्रवैद्य होते आणि त्यांच्या दोन कादंबऱ्यांनी स्पॅनिश राजवटीला व मठाधिपतींना अस्वस्थ केले होते. शस्त्र हाती न घेताही बंडाच्या आरोपाखाली त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. मृत्यूच्या आदल्या दिवशी बहीण भेटायला आली, तेव्हा त्यांनी तिला स्पिरिटचा एक छोटा स्टोव्ह दिला आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून ‘आत काहीतरी आहे’ एवढे इंग्रजीत सांगितले. आत घडी घातलेल्या कागदावर चौदा कडव्यांची, शीर्षक नसलेली निरोपाची कविता होती. ३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी ते कोठडीतून वधस्थानापर्यंत चालत गेले. तो मार्ग दाखवणारी पितळी पावले फरशीत बसवलेली आहेत. ती धरून चालत गेलात, तर लुनेतावरच्या त्यांच्या स्मारकापाशी पोहोचाल. देशद्रोह्याला पाठीत गोळ्या घालण्याचा रिवाज होता, म्हणून त्यांना पाठमोरे उभे केले होते. गोळ्या झाडणारे शिपाई फिलिपिनोच होते आणि त्यांनी कच खाल्ली तर त्यांच्यावर झाडण्यासाठी मागे स्पॅनिश शिपायांची दुसरी रांग सज्ज होती. स्मारक १९१३ मध्ये अमेरिकी अमदानीत उभे राहिले, हेही लक्षात ठेवावे. लेखणीने लढलेला वीर नव्या राज्यकर्त्यांना सोयीचा होता, अशी टीका फिलिपिनो इतिहासकारांपैकीच काहींनी केली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. मात्र रिझाल यांच्यावरचे लोकांचे प्रेम अमेरिका येण्यापूर्वीचे आहे.

इन्त्रामुरोसमधले सान आगुस्तिन चर्च १६०७ मध्ये पूर्ण झाले. आपण जुने गोवे पाहिले असेल, तर बाहेरून ते साधे वाटेल. आत छतावरचे नक्षीकाम कोरीव दिसते. ते सपाट पृष्ठभागावर रंगवलेले आहे. अंगणात चिनी धाटणीचे दगडी सिंह बसले आहेत. मनिलाचा सारा व्यापार चिनी रेशीम आणि मेक्सिकोची चांदी यांच्या देवघेवीवर चालला होता, त्याची ही खूण. लेगास्पीची कबर याच चर्चमध्ये आहे आणि १८९८ च्या ऑगस्टमध्ये मनिला अमेरिकेच्या स्वाधीन करण्याच्या अटीही इथेच ठरल्या. तटबंदीच्या आतल्या सात चर्चपैकी १९४५ च्या लढाईनंतर उभे राहिलेले हे एकमेव. शेजारचे भव्य कॅथेड्रल १९५८ चे आहे आणि समोरचे ‘कासा मनिला’ हे जुन्या धर्तीचे घर १९८० च्या दशकात बांधलेले आहे. पाहण्यासारखे दोन्ही आहे, पण जुने म्हणून पाहू नये.

१९४५ मध्ये काय झाले, हे जाणण्यासाठी सान आगुस्तिनपासून थोड्याच अंतरावर असलेल्या एका छोट्या चौकात जा. निष्प्राण मूल मांडीवर घेतलेल्या स्त्रीचे शिल्प तिथे आहे. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च या महिनाभरात जपानी सैन्याने केलेल्या कत्तलींत आणि अमेरिकी तोफांच्या माऱ्यात सुमारे एक लाख नागरिक मेले. दुसऱ्या महायुद्धात सर्वाधिक विध्वंस झालेल्या राजधान्यांत वॉर्सानंतर मनिलाचे नाव घेतले जाते, तरी आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्याला ओळभरही जागा मिळत नाही. सहलीच्या बसगाड्या इथे सहसा थांबत नाहीत, आपण थांबावे. याच युद्धातल्या लढाईसाठी प्रसिद्ध असलेल्या कोरेहिदोर बेटाची फेरी मनिलाहून नियमित मिळत नाही, तेव्हा तिच्याभोवती कार्यक्रम आखू नये. तिच्याऐवजी बाताआनमधल्या समात पर्वतावर गाडीने जाता येते. जपान्यांशी १९४२ मध्ये झालेल्या लढाईचे स्मारक म्हणून उभारलेला ९५ मीटर उंचीचा क्रूस तिथे आहे.

प्रश्न : फर्डिनंड मॅगेलन आपल्या देशातही येऊन गेला होता, असे ऐकले. ते खरे आहे काय? तो जिथे मारला गेला ती जागा पाहता येते का?
– एक वाचक, वसई

उत्तर : खरे आहे. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को दे अल्मेडा याच्या आरमाराबरोबर मॅगेलन हिंदुस्थानात आला, तेव्हा तो पोर्तुगालच्या सेवेत होता. १५०९ मध्ये दिवच्या आरमारी लढाईत तो होता; दिवकडे जाताना याच आरमाराने कोकणातले दाभोळ लुटून जाळले होते. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क गोव्यावर पुन्हा चालून जाण्याच्या तयारीत असताना, व्यापारी जहाजे मोहिमेत न्यावीत की नाही यावर कोचीनला मसलत झाली. तीत मॅगेलनने नेऊ नयेत असे मत दिल्याची नोंद आहे. नंतर पोर्तुगालच्या राजाशी बिनसल्यामुळे तो स्पेनकडे गेला आणि पश्चिमेकडून वाट काढत १५२१ च्या मार्चमध्ये फिलिपिन्सला पोहोचला.

तो पडला ती जागा सेबू शहरासमोरच्या मक्तान बेटावर आहे. सेबूचा विमानतळही याच बेटावर असल्यामुळे उतरल्यावर फार प्रवास करावा लागत नाही. सेबूचा राजा हुमाबोन याने बाप्तिस्मा घेतला, पण मक्तानचा लापुलापू मान तुकवेना, म्हणून त्याला धडा शिकवण्यासाठी मॅगेलन निघाला. ओहोटीची वेळ होती आणि किनाऱ्यालगत खडक होते. होड्या आत येईनात, तोफा दूर राहिल्या आणि चिलखत घातलेल्या माणसांना मांडीएवढ्या पाण्यातून बरेच अंतर चालत यावे लागले. मोहिमेचा बखरकार पिगाफेत्ता लिहितो, की पाण्यात उतरलेले एकोणपन्नास होते आणि समोर दीड हजारांवर लोक होते. शत्रूने चिलखत नसलेल्या पायांवर नेम धरला. दिवस २७ एप्रिल १५२१. मॅगेलनचे प्रेत स्पॅनिशांना परत मिळाले नाही.

आज तिथे एका बागेत दोन स्मारके आहेत. एक १८६६ मध्ये स्पॅनिश राजवटीने मॅगेलनच्या गौरवार्थ उभारलेला स्तंभ आणि दुसरा, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उभा राहिलेला लापुलापूचा उंच पुतळा. स्तंभ पाडा अशी मागणी कोणी करू शकले असते, पण दोन्ही नांदत आहेत, हे मला आवडते. ओहोटीच्या वेळी गेलात, तर लढाईचे गणित समोरच्या उथळ समुद्राकडे पाहूनच सुटेल. सेबू शहरात सांतो निन्यो बासिलिकामध्ये बाल येशूची लाकडी मूर्ती आहे. मॅगेलनच्या ताफ्याने १५२१ मध्ये हुमाबोनच्या राणीला ती भेट दिली होती आणि ४४ वर्षांनी लेगास्पीच्या शिपायाला ती एका घरात सापडली. मधल्या काळात स्पॅनिश नव्हते, पाद्री नव्हते; तरी मूर्ती लोकांनी जपून ठेवली. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तिचा मोठा उत्सव असतो. शेजारच्या मंडपातला ‘मॅगेलनचा क्रूस’ दुसऱ्या लाकडाच्या आवरणात बंद आहे, त्यामुळे तिथे पाहायचे ते आवरणच.

प्रश्न : फिलिपिन्सला अमेरिकेने ४ जुलै १९४६ रोजी स्वातंत्र्य दिले असे मी वाचले, पण त्यांचा स्वातंत्र्यदिन १२ जूनला असतो. असे का? त्याच्याशी संबंधित ठिकाणे कोणती?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : दोन्ही तारखा खऱ्या आहेत, प्रश्न कोणती साजरी करायची हा होता. मनिलाच्या दक्षिणेला कावित येथे स्पेनविरुद्धच्या क्रांतीचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांचे घर आहे. १२ जून १८९८ रोजी तिथे स्पेनपासून स्वातंत्र्याची घोषणा वाचण्यात आली आणि हाँगकाँगमध्ये शिवून आणलेला ध्वज फडकवण्यात आला. घोषणा घराच्या खिडकीतून वाचली गेली. आज दरवर्षी जिथे ध्वज फडकतो तो नक्षीदार सज्जा नंतर बांधलेला आहे. घरभर चोरकप्पे आणि गुप्त दारे असल्यामुळे मुलांना ते फार आवडते. आगिनाल्दो १९६४ पर्यंत जगले आणि त्यांची कबर घराच्या मागेच आहे.

मनिलाच्या उत्तरेला मालोलोस येथे बारासोआइन चर्च आहे. सप्टेंबर १८९८ मध्ये तिथे प्रतिनिधींची सभा भरली, राज्यघटना तयार झाली आणि २३ जानेवारी १८९९ रोजी प्रजासत्ताकाची स्थापना झाली. चर्चमध्ये राज्यघटना लिहिणाऱ्या या प्रतिनिधींनी धर्म आणि शासन वेगळे ठेवण्याचे कलम एका मताच्या फरकाने मंजूर केले, ही गोष्ट मला त्या वास्तूपेक्षा अधिक विलक्षण वाटते. पण तोवर पॅरिसमध्ये स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन हा देश अमेरिकेला देऊन टाकला होता. त्या वाटाघाटींत फिलिपिनो प्रतिनिधीला बसूही दिले नव्हते. ४ फेब्रुवारी १८९९ रोजी अमेरिकेशी युद्ध सुरू झाले. १९४६ नंतर बरीच वर्षे ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचाच स्वातंत्र्यदिन, पाळला जात होता. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष दिओसदादो माकापागाल यांनी तो बदलून १२ जून केला आणि नव्वदी ओलांडलेल्या आगिनाल्दोंना तो पाहायला मिळाला. या आगिनाल्दोंच्याच अमलाखाली क्रांतीचा जनक आंद्रेस बोनिफासियो याला मे १८९७ मध्ये ठार करण्यात आले होते. ज्या घरात त्याच्यावर खटला चालला ते काविते प्रांतातल्याच मारागोंदोन गावी संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. कावितला जाणाऱ्याने मारागोंदोनही पाहावे.

अमेरिकेशी झालेल्या युद्धाची खूण पाहायची तर सामार बेटावरच्या बालांगिगा गावी जावे लागेल. २८ सप्टेंबर १९०१ रोजी गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकी तुकडीवर हल्ला करून ४८ सैनिक मारले. सूड म्हणून जनरल जेकब स्मिथ याने दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारण्याचा आणि बेट ओसाड करण्याचा हुकूम दिला. सैनिक चर्चच्या तीन घंटा युद्धातली लूट म्हणून घेऊन गेले. त्यांपैकी दोन वायोमिंगमधल्या लष्करी तळावर होत्या आणि एक दक्षिण कोरियातल्या अमेरिकी तुकडीकडे. अनेक वर्षे मागणी केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्या परत आल्या. आता त्या गावच्या चर्चमध्ये आहेत. शेजारच्या लेयते बेटावरच्या ताक्लोबान शहराहून रस्त्याने जाता येते. मनिलातल्या कुठल्याही संग्रहालयापेक्षा तीन घंटांसाठी केलेला हा प्रवास आपल्याला अधिक शिकवील, असे मी खात्रीने सांगतो.

प्रश्न : विनोबा, बाबा आमटे यांना मिळालेल्या पुरस्कारामुळे मॅगसेसे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण ते मूळचे कोण? त्यांचे काही स्मारक आहे का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : रामोन मॅगसेसे हे जपानविरोधी गनिमी लढ्यातले म्होरके, नंतर संरक्षण सचिव आणि १९५३ च्या अखेरीपासून राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचे दरवाजे त्यांनी सामान्यांसाठी उघडले, म्हणून लोकांचे ते फार लाडके होते. शेतकऱ्यांचे सशस्त्र बंड मोडून काढण्यात अमेरिकेने त्यांना भरपूर साहाय्य केले, हेही तितकेच खरे. १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावरच्या मानुंगाल डोंगरावर त्यांचे विमान कोसळले. मनिलात रोहास बुलेव्हारवर त्यांच्या नावाचे केंद्र आहे आणि झांबालेस प्रांतात कास्तियेहोस येथे त्यांचे जुने घर आहे. पुरस्काराची सुरुवात १९५८ मध्ये झाली आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत विनोबा होते. चिंतामणराव देशमुख पुढच्या वर्षी.

मॅगसेसेंनंतरचा काळ समजून घ्यायचा, तर केसोन सिटीतले ‘बांतायोग ङ्ग मगा बायानी’ हे स्मारक पाहा. फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला. त्या राजवटीविरुद्ध झगडलेल्यांची नावे तिथे काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर कोरलेली आहेत आणि लहानसे संग्रहालयही आहे. मनिला महानगरातच वीरांसाठी राखलेल्या राष्ट्रीय दफनभूमीत २०१६ साली खुद्द मार्कोस यांचे दफन झाले आणि २०२२ मध्ये त्यांचे पुत्र राष्ट्राध्यक्ष झाले. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस यांच्याविरुद्ध लाखो लोक ज्या एड्सा महामार्गावर उतरले, त्यावर स्मारके आहेत, पण वाहतूक एवढी की धड उभेही राहता येत नाही. त्यापेक्षा भिंतीपाशी अर्धा तास घालवावा.

प्रश्न : उत्तरेकडे विगान आणि इफुगाओची भातखाचरे यांपैकी एकच शक्य आहे. कुठे जावे?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत. विगानला खाली विटांची, वर लाकडाची आणि शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या सरकत्या खिडक्यांची व्यापाऱ्यांची घरे रांगेने उभी आहेत. तिथे गेल्यास टांग्यात बसून छायाचित्रे काढण्यावर न थांबता, १८०७ च्या बंडावरची एस्तेबान व्हियानुएवा यांची १४ चित्रे आवर्जून पाहावीत. उसाच्या मद्यावर सरकारने मक्तेदारी आणली म्हणून झालेल्या त्या बंडाची हकिगत चित्रकाराने फाशीपर्यंत रंगवली आहे आणि आकाशात त्या वर्षीचा धूमकेतूही दाखवला आहे.

तरीही एकच निवडायचे, तर इफुगाओला जावे. डोंगरांच्या उतारावर बांध घालून केलेली ही खाचरे दोन हजार वर्षांची आहेत, असे वाटाडे अजूनही सांगतात. अलीकडच्या उत्खननांतून निघालेल्या पुराव्यांवरून पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांनी निराळे मत मांडले आहे : पाण्याखालच्या भाताची शेती इथे मोठ्या प्रमाणावर सतराव्या शतकाच्या सुमारास पसरली आणि स्पॅनिशांपासून दूर डोंगरात सरकलेल्या लोकांनी ती वाढवली. हे ग्राह्य धरले, तर खाचरांचे महत्त्व कमी होत नाही; उलट जो मुलूख स्पेनला धडपणे कधीच ताब्यात घेता आला नाही, त्याच्या प्रतिकाराचा तो पुरावा ठरतो. बानावेच्या रस्त्यावरून दिसते ते दृश्य पाहून परत न फिरता बातादला जा. शेवटचा टप्पा पायी उतरावा लागतो, तो जुन्नरकरांना जड जाऊ नये. कियांगान गाव वाटेपासून जवळच आहे. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानी सेनापती जनरल यामाशिता तिथेच अमेरिकी सैन्याच्या स्वाधीन झाला. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ टाळावा. त्या दिवसांत दरडी कोसळून रस्ते बंद पडतात.